बिडीवर पास झालेली चिमणी

दर वर्षी आमच्या गॅसवरची चिमणी तपासायला कंपनीचे एक भाऊ येतात. बॅगेत अवजारं ढीगभर, पण ती कधी बाहेर निघत नाहीत. माझ्याकडूनच माचिस मागून ते चिमणीखाली बिडी पेटवतात. तीही इथल्याच रानातल्या तेंदूपानाची.

"धूर वर गेला पाह्यजे बाई. हेच खरं चेकिंग."

यंदा धूर वर गेलाच नाही. भाऊंनी गाल फुगवून तो जाळीकडे फुंकला.

"पाहा, गेला का नाई?"

मग 'सुरक्षित' लिहिलेलं स्टिकर चिकटवून त्याचे चारही कोपरे अंगठ्यानं नीट दाबले.

मी खोकतच विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी आहे का हो चिमणी?"

"काऊन जी? आमची बायको चुलीवर रांधते. तिले सवय हाय धुराची."