घर थय, मशीन हय

डायलिसिसवाल्यांकडे किस्से फार साठतात. साठणारच! आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, अंगातलं रक्त मशीनमधून धुऊन परत येईपर्यंत पडून राहायचं. किडन्या गेल्या तरी तोंड शाबूत असतं. गोव्यात डिचोलीच्या सरकारी युनिटात सोमवार-बुधवार-शुक्रवारची सकाळची शिफ्ट आम्हां तिघांची. खिडकीशी मी, जवळच्या आमोणे गावचा. मधे सुमनबाई, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या पलीकडे दाजी. आणि आमच्यावर पहारा करणारी सिस्टर.

आमच्या गप्पांचा विषय एकच. इथं राहायचं की दुसरीकडे जायचं?

*

दाजींनी तीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. खाण बंद पडली तसे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गाकडे आपल्या गावी गेले, घर बांधलं, काजू लावले. काजूला मोहर आला आणि यांच्या किडन्या बसल्या. कागदपत्रं गोव्याची, उपचार इथं फुकट. म्हणून डिचोलीत एक खोली भाड्यानं घेतली. बायको गुरांपाशी गावातच राहिली.

खोली महिन्यातले अर्धे दिवस बंद बघून घरमालकानं विचारलं, "दाजी, तुमी रावतात तरी खंय?"

दाजी म्हणाले, "घर थय, मशीन हय. मी आपलो गाडयेत!"

*

माझा मेहुणा हौशी. त्याला पार उत्तर टोकाला, नदीपलीकडच्या तेरेखोलात एक घर सापडलं. मला म्हणाला, "भावजी, आमोण्यातलं घर भाड्यानं द्या आणि तिथं चला. समोर समुद्र, रोजचा सूर्यास्त. क्वालिटी ऑफ लाइफ म्हणतात ते हेच!"

मी विचारलं, "आणि डिचोलीला यायचं कसं?"

"फेरीबोट आहे की."

"ती चुकली तर?"

"तर समुद्र बघत बसायचं!"

माझी बायको आतून म्हणाली, "तू जा हो तिकडं. तुझ्या किडन्या चांगल्या आहेत."

*

एकदा दिल्लीचा एक माणूस युनिट बघायला आला. पेडण्याकडे घर घेत होता, वडिलांना डायलिसिस लागायचं. शांत हवेत त्यांचे चार दिवस सुखात जावेत, एवढंच त्याचं म्हणणं. त्यानं दाजींना विचारलं, "यहाँ की खास चीज़ क्या है?"

दाजी खुलले. "शहाळं एक नंबर! मानकुराद आंबा! काजू! सुके बांगडे!"

"पिताजी ये सब खा सकते हैं?"

"नहीं नहीं. अपने को सब बंद. अपने को यहाँ की सिर्फ हवा चलती है!"

तो माणूस परत दिसला नाही.

*

आम्हांला पाणी मोजून प्यावं लागतं. दोन शिफ्टांच्या मधे वजन वाढलं की चोरी पकडली जाते. एका सोमवारी मी काट्यावर उभा राहिलो आणि सिस्टर कपाळाला हात लावून ओरडली, "चार किलो! आमोण्याची न्हंयच पियेल्यात काय?"

मांडवी नदी माझ्या दारातून जाते. पण त्या दिवशी लग्नातली सोलकढी होती, देवाशपथ!

*

सुमनबाई मात्र खरोखरच गेल्या. पुण्याला, मुलीकडे. मेधा कधीपासून मागे लागली होती, "आई, एकटी काय राहतेस? इथं लिफ्ट आहे, बाग आहे, दोन मिनिटांवर हॉस्पिटल आहे." बाईंनी घराला कुलूप लावलं आणि आम्हांला ताकीद दिली, "भांडू नका."

दोन महिन्यांत बाई परत हजर! त्यांचा बेड रिकामा होता. मधल्या काळात दुसऱ्या पेशंटला दिलेला तो बेड रिकामा कसा झाला, हे आमच्यात कुणी विचारत नाही.

दाजींनी विचारलं, "काय झाला, बाय? मशीन बरी नाय?"

"मशीन नवंकोरं. प्रत्येकाला वेगळा टीव्ही. कानाला हेडफोन लावून सगळे गप्प. मला वाटलं, परीक्षाच चालू आहे!"

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.

"मला तिथं फार आवडलं रे," त्या म्हणाल्या. "ओवी, माझी नात, माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची. एका गुरुवारी मी तिला म्हटलं, अगं, तुझा नाचाचा क्लास ना आज? तर म्हणते कशी, 'आजी, क्लास बंद. आता त्या वेळी आई तुला मशीनला नेते ना!'"

मेधाला त्यांनी सांगितलं, पुण्याची हवा मानवत नाही. मेधानं विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. रोज फोन करून विचारते, "आई, कधी येतेस?"

*

गेल्या शुक्रवारी मशीन लागलेलं असतानाच बाईंना पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. क्लास पुन्हा सुरू झाला होता आणि ओवीला आजीला नाच दाखवायचा होता. आमच्या सिस्टरला शिफ्टमध्ये मोबाइल वाजलेला खपत नाही. तिनं फोन उचलला आणि स्वतःच बाईंसमोर धरून उभी राहिली.

ओवी नाचली. मधे दोनदा चुकली, बाईंनी दोन्ही वेळा सांगितलं. शेवटी धापा टाकत पोरगी स्क्रीनजवळ आली. "आजी, टाळ्या?"

बाईंच्या डाव्या हातात सुया. तो हलवायचा नाही.

दाजींच्या सुया उजव्या हातात. त्यांनी आपला डावा हात बाईंच्या बेडकडे लांब केला. बाईंनी उजव्या हातानं त्यावर टाळी मारली. पुन्हा मारली. पुण्याला नीट ऐकू जाईपर्यंत मारत राहिल्या!