सबनीसांचा ताळा

हेमचंद्र सबनीस कधी चिडत नाहीत. त्यांच्या वाटची चिडचिड मी करते. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यांच्या बायकोशी, उल्काशी, माझी मैत्री आहे, आणि डेल्फ्टला शिकायला आले तेव्हापासून मी डच बोलते आहे. या तीन अपराधांसाठी २००६ च्या उन्हाळ्यातले माझे सहा शनिवार बेसबॉलमध्ये गेले. त्या खेळात मला काडीचा रस नाही, हे आधीच सांगून टाकते.

सबनीस आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतात. दुसऱ्याने मोजलेलं परत मोजायचं, ही त्यांची नोकरी. पुण्यात ते सुट्टीच्या दिवशीही हेच करत. सतरा वर्षं ते क्लब क्रिकेटचे स्कोअरर होते. खेळाडू नाही, अंपायर नाही, मांडवात बसून पेन्सिलीने टिंबं काढणारा माणूस. क्रिकेटमध्ये दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी बसतात आणि ओव्हर संपली की वह्या जुळवून बघतात. सबनीस याला ताळा म्हणतात आणि हा शब्द ते देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारतात.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी, २००४ साली, सायकलवरून घरी येताना त्यांना गावाबाहेरच्या मैदानावर टोप्या घातलेली अठरा माणसं नुसती उभी दिसली. स्कोअरर आला नव्हता म्हणून मॅच खोळंबली होती. सबनीस सायकल लावून मैदानात उतरले आणि म्हणाले, मला पेन्सिल द्या. नियम येतात का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा घोटाळा टळला असता.

घोटाळा असा. बेसबॉलमध्ये सोपा चेंडू हातून सुटला की स्कोअररने ती चूक सोडणाऱ्याच्या नंबरावर लिहायची असते. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर बोलर कपाळाला हात लावतो, पण वहीत त्याची नोंद होत नाही. सबनीसांनी अख्खा मोसम कोणाचीही चूक लिहिली नाही. "स्कोअररने न्याय करायचा नसतो," हे त्यांच्या हाडात मुरलेलं. परिणाम असा झाला, की सुटलेला प्रत्येक चेंडू बॅटरची कमाई, म्हणजे हिट, ठरला; गावातल्या प्रत्येक बॅटरचे आकडे आभाळाला भिडले आणि चेंडू टाकणारे पिचर बिचारे कामातून गेले. लीगकडून पत्र आलं: तुमच्या मैदानावर बारा सामन्यांत एकही चूक झालेली नाही, कृपया खुलासा करावा.

पत्र घेऊन त्यांच्याकडे आला टून. टून मैदानाची देखभाल करायचा. साठीच्या घरातला, उंच, कमी बोलणारा, इथल्याच ब्राबांट प्रांतातला माणूस. सबनीसांच्या शेजारी बसून तो सावकाश इंग्रजीत म्हणाला, "चांगुलपणापोटी तुम्ही कोणाची चूक लिहीत नाही, ते कळतं मला. पण तुम्ही फील्डरला वाचवलं की पिचरवर अन्याय होतो. कोणाच्या तरी नावावर ते जाणारच." सबनीसांनी घरी येऊन पुन्हा सगळा मोसम लिहून काढला. सगळ्या चुकांसह. आठवणीतून. लीगने तो मान्य केला हे मला अजून खरं वाटत नाही.

त्यानंतर सबनीस क्लबचे झाले. सामना संपला की कँटीनच्या लांब टेबलाशी बसून ते हारी आणि श्याक या क्लबच्या दोन जुन्या सभासदांचं भांडण ऐकायचे. हारीचा मामा न्यू जर्सीला स्थायिक झालेला, म्हणून हारी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा. श्याक बॉस्टनचा, कारण हारी यांकीजचा. त्या वर्षी बॉस्टनने यांकीजविरुद्ध पहिले तीन सामने हरून पुढचे चार जिंकले आणि मग शहाऐंशी वर्षांनी विजेतेपदही मिळवलं. श्याकने सगळ्या कँटीनला तळलेले बिटरबालन खाऊ घातले आणि हारी दोन आठवडे आलाच नाही. आला तो थेट वेगळाच मुद्दा घेऊन: विजेतेपद एकदा जिंकतो तो मोठा की सव्वीस वेळा? मग मैदानांवर घसरायचे. श्याक म्हणायचा, बॉस्टनची ती उंच हिरवी भिंत बघितल्याशिवाय मरायचं नाही. हारी म्हणायचा, शिकागोला भिंतीवर वेल आहे, चेंडू त्यात अडकतो, भिंत असावी तर तशी. दोघांपैकी कोणीही अमेरिकेला गेलेलं नव्हतं. रॉटरडॅमचा क्लब इथे सलग सात वर्षं विजेता ठरला, त्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं: त्यात काय मजा?

पण यांकीज आणि बॉस्टन ही नुसती तोंडी लावण्याची भांडणं. जेवणाचं ताट वेगळंच होतं. क्लबचा आजवरचा सर्वोत्तम संघ कोणता? श्याक म्हणे ८६ चा, त्यांनी विभागाचं विजेतेपद जिंकलं. हारी म्हणे ७२ चा, जो फायनल हरला. कालव्यापलीकडच्या क्लबशी, एका धावेने, शेवटच्या चेंडूवर. ७२ चा विषय निघाला की टून उठून बाहेर जायचा आणि मैदानावर दाताळं फिरवत बसायचा. त्या फायनलमध्ये शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, टून होता. शेवटचा चेंडू त्याच्याकडे गेला होता.

२००६ साली क्लबला पन्नास वर्षं झाली आणि मैदानाच्या जागी घरं होणार असल्यामुळे क्लब नव्या जागी जाणार होता. नव्या कँटीनमध्ये एक फलक लावायचा ठरला: पन्नास वर्षांतले सर्वोत्तम नऊ. एका जागेला एक नाव. आठ नावांवर हारी आणि श्याक महिनाभर भांडले. शॉर्टस्टॉपच्या जागी मात्र ८६ चा माणूस, यावर दोघे एका मिनिटात मोकळे झाले. टूनचं नावसुद्धा निघालं नाही. सबनीस एवढंच म्हणाले, "वह्या बघितल्यात का?" वह्या कोणीच बघितल्या नव्हत्या. मग क्लबने त्या सबनीसांच्या गळ्यात घातल्या, कारण ते कोणाच्याच बाजूचे नव्हते.

वह्यांतले शेरे डचमध्ये, हस्ताक्षर किरटं. म्हणून मी. "आसावरी, येतेस का? तासाभराचं काम आहे." सबनीसांचा तास चार तासांचा असतो.

७२ च्या फायनलचं पान आम्ही पहिल्याच शनिवारी काढलं. शेवटच्या चौकटीत चूक झाल्याची खूण होती आणि पुढे सहाचा आकडा. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप. मी म्हटलं, झालं की मग. सबनीस म्हणाले, "ही एकच वही झाली. ताळा कुठे आहे?"

"अहो हेमचंद्र, दुसरी वही कालव्यापलीकडे आहे."

"मग कालवा ओलांडू या."

चौतीस वर्षांत या क्लबचा कोणी माणूस त्या कँटीनमध्ये कॉफी प्यायला नव्हता. आम्ही सायकलवर गेलो. तिथल्या बाईंनी आमच्याकडे, मग आमच्या सायकलींकडे बघितलं आणि कपाटातून ७२ ची वही आणून दिली. शेवटच्या चौकटीत चूक नव्हती. त्यांच्या स्कोअररने साफ हिट लिहिली होती. समासात शेरा होता, तो मी मोठ्याने वाचला: "फार जोराचा फटका. कोणालाच अडवता आला नसता."

सबनीसांना इतकं खूश मी कधीच बघितलं नव्हतं. शत्रूच्या वहीने टूनला सोडवलं होतं! परत येताना ते हँडल सोडून सायकल चालवत होते. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. आम्ही तसेच मैदानावर गेलो आणि त्यांनी टूनला सगळं सांगितलं.

टूनने ऐकून घेतलं. मग तो माझ्याकडे वळून डचमध्ये म्हणाला, "त्यांना सांग, मी आभारी आहे. पण चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आला होता. मला तो लागलेला अजून आठवतो. मी सोडला. आमच्या वहीत लिहिलंय तेच खरं आहे." पुढे म्हणाला, "ती वही माझे वडील लिहायचे."

मी भाषांतर केलं. सबनीसांचा चेहरा उतरला.

"त्या सामन्याबद्दल घरी कधीच बोलणं झालं नाही," टून म्हणाला. "ते रागावले असते तर बरं झालं असतं. नऊ वर्षांनी ते गेले. फलकाचं मला काही नाही. तो चेंडू माझ्यामुळे गेला. पण ते माझ्याबद्दल काय समजून गेले, हे मात्र मला कळलं नाही."

मला वाटलं, संपलं एकदाचं. झालं तेवढं पुरे, त्या म्हाताऱ्या माणसाला आता सुखाने राहू द्या, असं मी सबनीसांना चांगलं सुनावलं. त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा दारात हजर. आता काय शोधायचंय, विचारलं तर म्हणाले, "शोधायचं काही नाही. बेरीज करायची आहे." चार शनिवार आम्ही बेरजा केल्या. दोनदा करायच्या, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर तिसऱ्यांदा. मी आकडे वाचायचे, ते लिहायचे, मग ते वाचायचे आणि मी लिहायचे. उल्का मधूनच थालीपीठं पाठवायची म्हणून मी टिकले.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी कँटीनमध्ये निवडीची बैठक झाली. तीस-पस्तीस माणसं होती. टून दाराशी उभा होता. सबनीसांना इंग्रजीत बोलता आलं असतं, हारी आणि श्याकला ते कळलंही असतं, पण त्या दोघांना भांडायला डच लागतं म्हणून मला शेजारी उभं केलं.

सबनीस म्हणाले, "शॉर्टस्टॉप. ८६ च्या मोसमात आपल्या शॉर्टस्टॉपच्या चुका चौदा. चांगला आकडा आहे, लीगमध्ये बहुतेकांच्या वीसच्या आसपास असतात. ७२ च्या मोसमात बावीस सामन्यांत टूनच्या चुका दोन."

"दोन?" श्याक ओरडला. "बाप वही लिहीत होता! पोराच्या चुका कोण लिहितो?"

सबनीस त्याच्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात बोलले. मीही तेवढ्याच हळू बोलले. "फायनलचा शेवटचा चेंडू. सगळं गाव बघतंय, विजेतेपद जातंय. पलीकडच्या स्कोअररने हिट दिली. बापानेही दिली असती तर कोणी ब्र काढला नसता. त्याने चूक लिहिली. जो माणूस त्या चेंडूवर मुलाला सोडत नाही, तो आधीच्या एकवीस सामन्यांत सोडेल का? या क्लबच्या पन्नास वर्षांच्या वह्यांत कुठल्या एका आकड्यावर माझा डोळे मिटून विश्वास असेल, तर तो हा दोन आहे."

श्याकने वही ओढून घेऊन ते पान बघितलं. मग त्यानेच पहिला हात वर केला. हारीचा लगेच दुसरा. बाकीचे मोजायची गरज पडली नाही. सबनीसांनी तरी मोजले.

टून पुढे आला. फलकाबद्दल तो काही बोलला नाही. वही मागून घेतली, पानं उलटली आणि मला म्हणाला, "फायनलनंतर बाबांनी ही वही मिटली, ती परत उघडली नाही. वही लिहिणंच सोडलं त्यांनी. एकदा बेरीज केली असती, तर त्यांनाही कळलं असतं."

मी सबनीसांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, तसाच हातात धरला आणि मला मराठीत म्हणाले, "त्यांना सांग, आसावरी. बावीस सामने ज्याने स्वतःच्या हाताने लिहिले, त्याला बेरीज करावी लागत नाही. मी लिहितो ना, मला माहीत असतं. आकडा डोक्यात चालूच असतो. तोवर चुका एक, हे त्यांना माहीत होतं, आणि शेवटचा सहा लिहिताना त्याचे दोन झाले, हेही माहीत होतं. अख्ख्या लीगमध्ये असा शॉर्टस्टॉप दुसरा नाही, हे त्या दिवशी त्या मैदानावर एकाच माणसाला माहीत होतं."

मी हे डचमध्ये सांगितलं. टूनने वहीतल्या त्या सहावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"म्हणजे माहीत होतं त्यांना," तो म्हणाला.

त्याने हे मला विचारलं नव्हतं, म्हणून मी भाषांतर केलं नाही. सबनीसांना ते तसंच कळलं होतं.