एकदाच विचारतात

मुलगी नववीत होती तेव्हा शाळेत रोबोटची टीम निघाली. विज्ञानाच्या मॅडमनी सहा मुलं निवडली, त्यात ही एक. गणपती गेल्यावर सुरू झालं ते थंडी सरेपर्यंत चाललं. शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गातली बाकं बाजूला सारून ही मुलं जमिनीवर पसारा मांडायची. घरी यायची तेव्हा नखांत काळं वंगण. तिचा युनिफॉर्म धुवायला घेतला की खिशातून स्क्रू निघायचे. तिचे वडील चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर. ते म्हणायचे, "कंपनीत लागायच्या आधीच पोरगी ओव्हरटाइम करायला लागली. पगार विचार की तुझ्या मॅडमना."

रोबोट म्हणजे मला वाटलं होतं तसा माणसासारखा नव्हता. चार चाकांची गाडी, पुढे एक हात. त्या हाताने प्लॅस्टिकची कडी उचलायची आणि खांबात अडकवायची. ज्यांच्या कड्या जास्त, ते जिंकले. गाडीचा रिमोट माझ्या मुलीकडे असायचा. टीमचा कप्तान एक बोलका मुलगा होता, आमच्याच दापोडीतला. तो मला म्हणायचा, "काकू, आपला रोबोट म्हणजे बैलगाडी आहे. पण हिच्या हातून एक कडी खाली पडत नाही बघा."

पहिला सामना भोसरीच्या एका शाळेत झाला. तिथे चाकाची साखळी निसटली आणि आमची मुलं सगळ्यांत खाली राहिली. दुसरा आणि शेवटचा सामना ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होता. तिथून निवडलेल्या टीम पुढच्या फेरीला नागपूरला जाणार होत्या. नागपूरचं नाव मुलीने घरात काढलं नाही. पण एका सकाळी तिने माझा जुना स्वेटर काढून धुऊन वाळत घातला. मी बघत राहिले तेव्हा म्हणाली, "तिकडे थंडी फार असते म्हणे." मग मला कळलं, तिने मनात कुठवर गाठलंय ते.

मुलींबरोबर आणखी एखादी बाई हवी म्हणून मॅडमनी मला ताथवड्याला नेलं. मी कुठे फारशी जात नाही. मोठा हॉल, दिवे, माइकवर सगळं इंग्रजी. माझी शाळा चौथीत सुटली. मी मागच्या खुर्चीवर पदर घट्ट धरून बसले. पण कडी खांबात बसली की ती इंग्रजीत बसली काय नि मराठीत बसली काय, मला दिसत होतं. दुपारपर्यंत मुलीने एकही पाडली नाही. आमची टीम वरही नव्हती आणि अगदी खालीही नव्हती.

पुढचं मॅडमनी मला आधी समजावून सांगितलं होतं. शेवटचे सामने जोडीने खेळायचे. वर आलेल्या टीमने एकेक करून आपला जोडीदार बोलवायचा. बोलावलं की हो म्हणायचं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. नाही म्हटलं तर मग दुसऱ्या कुणालाही तुम्हाला बोलावता येत नाही. तुमचा खेळ तिथेच संपला.

प्रत्येक टीमचं एक मूल पुढे रांगेत उभं राहणार होतं. आमचा कप्तान चाक बदलायला मागे गेला होता. बाकीच्यांनी माझ्या मुलीला ढकललं. "तू जा गं. आपल्याला कोण बोलावतंय!"

पहिल्या नंबरच्या टीमची मुलगी माइक घेऊन पुढे आली. गोरीगोमटी, अंगात टीमचं जाकीट. तिने आमच्या शाळेचं नाव घेतलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. ती आमच्या मुलीसमोर माइक धरून हसून म्हणाली, "येणार आमच्याबरोबर?"

माझी मुलगी लाजली. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "नाही, नको. तुम्ही एखादी मोठी टीम घ्या ना."

ती मुलगी गोंधळली. मग माइकवरून नावं पुकारणाऱ्या बाईंनी "बरं" म्हटलं आणि त्या मुलीने दुसरी टीम बोलावली.

रांगेत माझी मुलगी अजून तशीच उभी होती. चेहऱ्यावर ते लाजरं हसू तसंच. ती वाट बघत होती. कशाची, ते त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही माहेरी पाच बहिणी. आई सांगायची, दुसऱ्याच्या घरी ताट पुढे आलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, नाहीतर म्हणतील उपाशी पोरं आली. आग्रह झाला की मग बसायचं. मी मुलीला तेच शिकवलं. नातलगांकडे ती नको म्हणायची तेव्हा बायका म्हणायच्या, "किती वळण आहे हो पोरीला!" मला बरं वाटायचं.

मी उठले. इतक्या लोकांमधून चालत कशी गेले, आठवत नाही. मॅडमना म्हटलं, "मॅडम, ती नाही म्हणाली नाही."

"म्हणजे?"

"तसं म्हणायचं असतं आधी. परत विचारलं असतं तर हो म्हणाली असती ती."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मला कळतंय हो ताई. त्यांना काय सांगू?" तरी मला घेऊन पंचांकडे गेल्या. पंच तरुण होता, गळ्यात शिट्टी. त्याने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. म्हणाला, "काकू, माझ्या घरी पण असंच आहे. पण इथे एकदाच विचारतात."

जन्मात पहिल्यांदा मी अनोळखी माणसांत तोंड उघडलं, आणि उपयोग झाला नाही. आमच्या जागी घेतलेल्या टीमने दोन कड्या पाडल्या, तरी ती जोडी नागपूरला गेली.

परतीच्या बसमध्ये कप्तान एकदाच बोलला. "नको म्हणायला तुला काय हळदीकुंकवाला बोलावलं होतं?" कुणी हसलं नाही. मग त्यानेच तिला खिडकीची जागा दिली. बऱ्याच वेळाने ती मला हळूच म्हणाली, "आई, त्यांनी अजून एकदा विचारायला पाहिजे होतं ना गं?"

मी म्हटलं, "हो."

आता वाटतं, तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं.

रोबोट पुढच्याच आठवड्यात सुटा झाला. शाळेत तीच रीत होती, तेच भाग पुढच्या वर्षी नव्या मुलांना द्यायचे. जूनमध्ये मॅडमचा फोन आला. "ताई, तिची दहावी आहे हे मला माहीत आहे. पण रविवारी नव्या मुलांना शिकवायला येईल का? तिच्यासारखा हात नाही कुणाचा."

मुलगी जेवत होती. मी विचारलं, तशी ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "नको."

मी तिच्याकडे बघत राहिले. तो नको कसला होता, मला ओळखू आलं नाही. माझ्याच पोटची, माझ्याच वळणाची पोर, आणि मला ओळखू आलं नाही. तिने उरलेली भाकरी संपवली, ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासायला लागली.

मी मॅडमना कळवलं, ती नाही म्हणते. त्या म्हणाल्या, बरं.

परत एकदा विचारायला मला कुणाची बंदी नव्हती.