अण्णांच्या खिशातला मीटर

रंग वाळायला वेळ लागतो, आणि तो वाळेपर्यंत तपासणीवाल्यांना चहा पिण्यापलीकडे काम नसतं. आमच्याकडे एवढे किस्से का साठले, याचं दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

हुबळीच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड आहे. पुलांचे गर्डर, मोठ्या टाक्या असलं लोखंड येतं. यंत्राने वाळूचा मारा करून त्याचा गंज काढायचा आणि वर रंगाचे थर चढवायचे. ते थर नीट बसलेत का, हे बघायचं काम जोशीअण्णांचं आणि त्यांच्या हाताखाली माझं. अण्णांच्या खिशात कायम एक छोटा मीटर असतो. लोखंडावर टेकवला की वरच्या रंगाची जाडी सांगतो. अण्णा तो कुठेही टेकवतात, हाच सगळा घोटाळा.

*

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा असते. एका वर्षी रंगाऱ्यांचा मुकादम बसवराज याने नुकत्याच गंज काढलेल्या उघड्या गर्डरला भक्तिभावाने ओल्या बोटांनी हळदकुंकू लावलं. उघड्या लोखंडाला ओला हात लागला की गंज आलाच म्हणून समजा. अण्णांनी अख्खा गर्डर परत साफ करायला लावला.

"येन्री अण्णा, काय हे, देवाचं कुंकूसुद्धा चालत नाही?"

"चालतं की. देवाला सांग, रंग वाळल्यावर ये."

आता आमच्याकडे देव शेवटच्या थरानंतरच येतो.

*

रंग घट्ट बसलाय का, हे बघायला ब्लेडने बारीक चौकटी कापतात, वर चिकटपट्टी दाबतात आणि फर्रकन ओढतात. मुलीच्या, विद्याच्या, लग्नासाठी घेतलेल्या कोऱ्या लोखंडी कपाटावर अण्णांनी हा प्रयोग घरी केला. पट्टीबरोबर तळहाताएवढा रंग हातात आला. दुकानदार म्हणाला, ब्लेड मारलेलं कपाट परत घेत नाही.

त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, शांतपणे विचारलं, "जावयालाही चौकटी कापणार का?"

*

अक्कांची भीती खोटी नव्हती. पहिल्या स्थळाच्या घरी अण्णा फाटकाशीच थांबले. नखाने रंगाचा पोपडा उचलला, तर खाली गंज. "गंज झाकून वर रंग मारणारी माणसं," म्हणाले आणि चहा न घेताच परतले.

दुसरीकडे त्यांनी फ्रिजला मीटर लावला. तिथून नकार त्या लोकांनीच कळवला.

*

तिसरा मुलगा विद्याने स्वतः निवडला होता. केशवापूरचा, तिच्याच कॉलेजात शिकवणारा. त्यांच्या घरी जायच्या दिवशी तिने अण्णांच्या खिशातला मीटर काढून माझ्या पर्समध्ये टाकला.

"ताई, तुम्ही बरोबर चला. काही झालं तरी अण्णांना हा देऊ नका. हे मोडलं तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही."

मी शब्द दिला.

चहा झाला, अवलक्की म्हणजे पोहे झाले, सगळं गोडीत पार पडलं. निघताना मुलाचे वडील अंगणातल्या गाडीवर थाप मारून म्हणाले, "इतकी वर्षं झाली, पण अजून एक ओरखडा नाही हिला."

अण्णांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. शेडमध्ये असा हात पुढे आला की मी मीटर देते. हाताला सवय झालेली. दिला. विद्याने डोळे मिटून घेतले.

बॉनेट ठीक निघालं. उजवं दार ठीक. डाव्या दारावर आकडा जो चढला, तो गर्डरलाही जास्त झाला असता. अण्णांनी परत टेकवला. तोच आकडा. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला, "अहो, काहीतरीच काय," एवढंच ते म्हणाले.

मुलगा पुढे आला.

"काका, मीटर बरोबर आहे. रंगाखाली पुट्टी भरलीय. अळणावर गावाच्या रस्त्यावर मी झाडाला ठोकली होती. बाबांना न सांगता दुरुस्त करून आणली." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "चुकलं, बाबा."

विद्या माझा दंड घट्ट धरून उभी होती.

अण्णांनी रुमालाने दारावरची धूळ पुसली, मीटर खिशात ठेवला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले,

"मुलगा पास. दार रिजेक्ट."