निळी खोली

फ्लेक्स आलं आणि वाशीममधल्या आम्हा बोर्ड रंगवणाऱ्यांची सुट्टीच झाली. आता वर्षाकाठी आमच्या वस्तीतली जयंतीची कमान तेवढी माझ्याकडे असते. यंदा तिचा निळा रंग बराच उरला. बायको गेल्यापासून दुकानात बोलायला कोणी नाही, हात तरी किती वेळ मांडीवर ठेवायचे? एक जुना पत्र्याचा बोर्ड घेतला आणि दुकानाची माझी हीच खोली त्यावर काढली.

भिंती निळ्या, फरशी निळी, छतही निळंच. शिडी, स्टूल, डबे नुसत्या पांढऱ्या रेघांत. ब्रश पिवळेजर्द आणि चहाचे दोन कप लालभडक. आयुष्यभर लोकांची नावं लिहिली, हे पहिलंच चित्र माझं होतं. पुण्याच्या लेकीने नवं घर घेतलंय, तिच्या भिंतीवर ते लागावं एवढीच हौस होती.

वाळायला बाहेर ठेवलं तर येणारा जाणारा थांबायचा. आमच्या धंद्यात बोर्ड आधी एका रंगाने भरतात, मग वर अक्षरं येतात, हे सगळ्यांना पाठ.

"पेंटर, रंग त मस्त भरला. नाव कवा टाकून राह्यले?"

"हे पुरं झालं हाय!" मी खेकसायचो. ते हसत निघून जायचे. चार दिवसांनी मी खेकसणंही सोडलं.

लेक सुट्टीत आली तेव्हा मी काहीच सांगितलं नाही, नुसता तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. नावाचं तिने विचारलं नाही. मला इतका आनंद झाला की मी बोर्ड बांधून द्यायला सुतळी शोधायला लागलो.

"बाबा, कप दोन काढले. माणूस काहून नाही काढला एकबी?"

मी पाहिलं. खरंच, मी स्वतःला काढायचंच विसरलो होतो.

जायच्या दिवशी बोर्ड गोणपाटात बांधून मी स्टँडवर नेला. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"नका देऊ, बाबा. हे घरात लावलं त तुमी रोज त्या खोलीत एकटे दिसान मले. मले नाही पाहवणार."

गाडी लागली होती. ती रडतच चढली. मी बोर्ड काखेत मारून पायीच दुकानाकडे निघालो.