खंडेनवमीचे चार बोल्ट

माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर पाना बसला. पाना माझाच. मालकाच्या पोराने तो माझ्या हातातून हिसकावला आणि माझ्यावरच चालवला.

"पूजेच्या मशीनले हात लावतं? तू आत काहून आला बे?"

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आर्णीजवळ कापसातून सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये ट्रेनिंग. त्यांच्या सहीचा दाखला मिळाला तरच परीक्षेला बसता येणार होतं. कापसाची ती वर्षं वाईट होती. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून आई मला शिकवत होती, आणि वेचायलाही कोणी बोलवेना.

आठ दिवस मशीन मीच खोलली, मीच जोडली. रोलर बसवले, बेअरिंग बदललं. तेव्हा माझा हात चालला. खंडेनवमीच्या सकाळी बेअरिंगचे चार बोल्ट आवळायचे बाकी होते आणि मला बाहेर काढलं. पूजेला आमची बौद्ध सावली नको होती.

दारातून पाहिलं. हार, कुंकू, नारळ. बोल्ट तसेच ढिले. आणि कापूस टाकायला तिथली मजूर शांताबाई पदर खोचून मशीनपुढे उभी. माझं डोकंच फिरलं. पाना घेऊन आत घुसलो, तेव्हा तो फटका बसला.

"बोल्ट ढिले आहेत!" मी ओरडलो. "सुरू केली तं रोलर उडन. बाई मरन!"

"सवलतीचा इंजिनेर मले शिकवून राह्यला!"

त्याने लाथ घातली. मी पूजेच्या ताटावर पडलो. सगळे हसले. तो बटणाकडे वळला.

मी उठलो आणि त्याला भिंतीवर आपटलं. मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपटले. मग त्याने आणि त्याच्या माणसांनी मला तुडवलं. तोंडात रक्त आलं, पण फ्यूज धरलेली मूठ सोडली नाही.

शेवटी म्हातारा मालक आला. "मशीनच्या पाया पड, माफी माग. मंग सही देतो."

"आठ दिवस याच हातानं जोडली, मालक. तवा मशीन बाटली नाई?"

तो मशीनपुढून बाजूला झाला. सुजलेल्या बोटांनी मी चारही बोल्ट आवळले, कारण पुढे शांताबाई होती. माफी मागितली नाही.

दाखला गेला. वर्ष गेलं. आईच्या तोंडाकडे बघवेना. रडलो, खोटं कशाला बोलू? पण ठरवलं. ट्रेनिंग पुन्हा करीन, डिप्लोमा घेईनच. आणि मी जोडलेल्या मशीनपासून मला कोणी ढकललं, तर त्याचा मार खाऊन थांबणार नाही. त्या दिवशीसारखा मीही हात उचलीन.