बुजवलेलं छिद्र

माझी बायको अंबडला लोखंडाची गेटं, जिने आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवते. वर्कशॉप तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर चुलते म्हणाले होते, बाईमाणसाला हे झेपायचं नाही. पुढे त्यांच्याच बंगल्याचं गेट तिने करून दिलं. मी शाळेत गणित शिकवतो. घरातला खिळासुद्धा तीच ठोकते, आणि मला त्याची लाज वगैरे वाटत नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला ड्रॅग रेसचा नाद लागला. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सरळ चारशे मीटर पळायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, घाट नाही. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "एवढंच? हे तर गंगापूर रोडला प्रत्येक सिग्नलवर चालतं."

मागच्या शर्यतीत माझी जुनी गाडी इतकी पळाली की संयोजकांनी मला बोलावून घेतलं. एवढ्या वेगाच्या गाडीला रोल बार लागतो, म्हणाले, नाहीतर पुढच्या वेळी सोडणार नाही. रोल बार म्हणजे सीटच्या मागे बसवलेली पाइपाची भक्कम कमान. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून. मला तर पहिल्या नंबराने पास झाल्यासारखं वाटलं. घरी आल्या आल्या मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली.

"म्हणजे गाडी उलटू शकते," ती म्हणाली.

दोन दिवस आमच्याकडे फक्त कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी निकाल लागला. "बार मी करीन. दुसऱ्या कुणाच्या वेल्डिंगवर तुम्हाला बसवणार नाही. आणि हे एकच वर्ष. मग गाडी विकायची."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण आत कुठेतरी तुटलं. इतक्या वर्षांनी एक गोष्ट अशी सापडली होती की जिच्यासाठी मी सकाळी गजराच्या आधी उठायचो, आणि तिला आता मुदत पडली होती.

मी आलेखाच्या कागदावर कमानीचं सुबक चित्र काढून नेलं. तिने ते बघितलं, छान आहे म्हणाली आणि चहाच्या किटलीखाली ठेवलं. मग मला हेल्मेट घालून गाडीत बसवलं आणि टेप घेऊन माझ्या डोक्याभोवती फिरली. वर्कशॉपमधली सगळी माणसं ग्राइंडर बंद करून बघत होती. तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे वेल्डर काका, निफाडकडचे, म्हणाले, "सर, हालू नका. ताईनं गेटाचं माप घेताना भिंत बी हालत नाय."

पहिली कमान वाकवताना पाइप कोपऱ्यात चेपला. माझ्या डोळ्यांना तो चेप दिसतसुद्धा नव्हता, पण तिने ती बाजूला टाकली. आज आमच्या गच्चीवर त्या कमानीवर कपडे वाळतात. दुसरी कमान जमली. मागून दोन आधार, मधून एक तिरका पाइप, खाली जाड पट्ट्या आणि त्यांना गाडीच्या तळातून आरपार बोल्ट. रोज शाळा सुटली की मी अंबडला जायचो आणि स्टुलावर बसून नुसता बघत राहायचो. ती तोंडावर वेल्डिंगची काच खाली ओढायची, ठिणग्या उडायच्या, काच वर करून ती जोडाकडे डोळे बारीक करून बघायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिला काम करताना मी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. त्या पंधरवड्यात मी अगदी सुखात होतो.

नियमांच्या कागदात एक कलम होतं: कमानीच्या सरळ भागात एक बारीक छिद्र ठेवावं, म्हणजे तपासनीसाला पाइपाची जाडी मोजता येईल. मी ते मोठ्याने वाचलं, तिने माझ्यासमोर छिद्र पाडलं. माझं काम संपलं असं मी समजलो.

शर्यतीच्या सकाळी आम्ही तिघं, ती, काका आणि मी, गाडी टेम्पोत घालून धावपट्टीवर पोचलो. तपासनीस शांत स्वभावाचा माणूस होता. त्याने बोल्ट ओढून पाहिले, कमान हलवून पाहिली, हेल्मेटवर किती जागा उरते ते मोजलं. एका जोडावरून अंगठा फिरवून म्हणाला, "वेल्डिंग कुणाचं?" मी बायकोकडे बोट दाखवलं. माझी छाती उगीचच फुगली होती.

मग तो पाइपावरून बोट फिरवत राहिला. वरून खाली, खालून वर. "छिद्र कुठंय?"

"डाव्या बाजूला," मी म्हणालो. डाव्या बाजूला गुळगुळीत काळा रंग होता. उजवीकडेही तसाच.

"होतं," बायको म्हणाली. "मी बुजवलं."

काकांनी खुलासा केला, "आमच्या शॉपातून भोक असलेला माल भाएर जात नाय, साहेब."

"छिद्राशिवाय जाडी मोजता येणार नाही," तो म्हणाला, "आणि जाडी कळल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही. अकराला तपासणी बंद होते." अकराला वीस मिनिटं होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते हे असं. मला मिळालेल्या वर्षात ही एकच शर्यत होती, आणि ती माझ्याच बायकोने रंग मारून झाकून टाकली होती. मला तिचा रागही आला, खोटं कशाला सांगू.

ती टेम्पोकडे गेली आणि बॅटरीचं ड्रिल घेऊन आली. पाइपाच्या सरळ भागावर तिने पंचने खूण केली. क्षणभर टोक तसंच टेकवून थांबली. इतक्या निगुतीने केलेल्या कामात पुन्हा भोक पाडणं तिच्या जिवावर आलं होतं. मग ड्रिल घरघरलं आणि चकचकीत कीस खाली पडला. तपासनीसाने मापक आत घातलं, कागदावर आकडा लिहिला. "पाहिजे त्यापेक्षा जास्तच आहे."

"असणारच," ती म्हणाली. "मी मोजून घेतलाय."

त्याने काचेवर पासचा स्टिकर लावला. काकांनी नमस्कार केला, तपासनीसाला की कमानीला ते कळलं नाही.

शर्यत मी हरलो. शेजारच्या लेनमधला माझ्या अर्ध्या वयाचा होता आणि एका गाडीच्या अंतराने पुढे गेला. पण माझी गाडी आजवर इतकी कधी पळाली नव्हती. परत येताना मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो.

गाडी टेम्पोवर चढवायच्या आधी ती मागच्या दारातून आत वाकली. हातात रबरी बूच होतं.

"आता कशाला?" मी म्हणालो. "विकायचीच आहे ना?"

"भोकातून पाणी जातं आत. पाइप आतून गंजत जातो आणि बाहेरून कळत नाही. पाच-सहा पावसाळ्यांत कच्चा होतो. म्हणून तर वेल्डने बुजवलं होतं."

मी गणिताचा मास्तर, तरी हा हिशेब समजायला मला थोडा वेळ लागला. "पाच-सहा पावसाळे? तू तर एकच वर्ष म्हणाली होतीस."

"तेव्हा बार झाला नव्हता," ती म्हणाली, आणि बूच अंगठ्याने आत दाबलं.